हात न जोडण्याचा हक्क

नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. शाळेच्या लेखी ती बेशिस्त ठरली आणि त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळेत शिक्षकालाही प्रार्थनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्याने हात जोडले नाहीत म्हणून तो शिस्तभंग होत नाही. आधार होता राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मधल्या तिसऱ्या खंडाचा.

या निकालाला दशक उलटून गेलं. तरी प्रवेशाच्या वेळी, पालक सभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा अनुच्छेद कोणी वाचून दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हिजाबवर, भोंग्यांवर, मिरवणुकांवर आपल्याकडे प्रत्येकाचं ठाम मत असतं. पण शाळेच्या पटांगणात रोज सकाळी शेकडो मुलांकडून काय म्हणवून घेतलं जातं, याबद्दल कोणी बोलत नाही. इतकी सवय झाली आहे की त्यात बोलण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. माझं म्हणणं असं की धर्मस्वातंत्र्याचा हिशोब इथूनच मांडायला हवा. मुलाने आपला धर्म उंबऱ्याबाहेर ठेवून यावं अशी अपेक्षा करण्याचा शाळेला अधिकार नाही. स्वतःचा धर्म मुलावर चढवण्याचा तर मुळीच नाही. बंधन घालायचं ते आधी ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यावर घालावं. इथे सत्ता मुख्याध्यापकाची आहे, संस्थाचालकांची, शिक्षण खात्याची, गावकीची आणि जमातीच्या प्रमुखाची आहे. रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या हाती काहीही नाही.

अनुच्छेद २८ मधली विभागणी नीट समजून घेण्यासारखी आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा शासकीय आश्रमशाळेत, धार्मिक शिक्षण अजिबात देता येत नाही. एखादी संस्था धार्मिक शिक्षणाच्या अटीवरच्या दानातून किंवा न्यासातून उभी राहिली असेल आणि सरकार ती फक्त चालवत असेल, तर तिला यातून वगळलं आहे. उरलेल्या मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थांना धार्मिक शिक्षण देता येतं, प्रार्थना घेता येते. पण त्यात भाग घ्यायचा तर आधी संमती हवी, आणि मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर पालकाची हवी. याचा अर्थ नको म्हणणाऱ्याने अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहायचं नाही. ज्याला हवं आहे त्याच्याकडून शाळेने होकार घ्यायचा आहे. प्रत्यक्षात नेमकं उलट चालतं. सगळ्यांचा होकार गृहीत धरला जातो, आणि ज्याला नको असेल त्याला चारचौघांत वेगळं पडावं लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अशा वेळी वेगळं पडण्याचं धैर्य कुठून येणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, तो धर्म नाही, ते संस्कार आहेत.’ हे म्हणणारी माणसं बहुतेक वेळा प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. पसायदानाचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांचा परिपाठ पसायदानाने संपतो. माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुण कवीने ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी साऱ्या जगासाठी केलेलं ते मागणं आहे, आणि त्यात दुष्टाचा नाश मागितलेला नाही, त्याचं वाकडेपण जावं असं म्हटलं आहे. मराठीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ते वाचावं, त्याचा अर्थ समजून घ्यावा असं मला वाटतं. पण डोळे मिटून, हात जोडून ते म्हणणं ही उपासना आहे. देव न मानणाऱ्या घरातल्या मुलीसाठी ती उपासना आहे. एका अल्लाहखेरीज कोणापुढे काही मागायचं नाही असं शिकवलेल्या मुलासाठीही आहे. प्रार्थना किती उदात्त आहे यावरून सक्ती योग्य ठरत नाही. केंद्रीय विद्यालयांत म्हटल्या जाणाऱ्या ‘असतो मा सद्गमय’ बद्दलही हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये तो घटनापीठाकडे सोपवावा असं ठरलं. असत्याकडून सत्याकडे जावं याला कोणाचा विरोध असेल? तरी ते कोणाला उद्देशून, कोणत्या मुद्रेत आणि कोणाच्या आज्ञेने म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.

शिकवणं आणि उपासना करवून घेणं यांतली रेघ न्यायालयांनीही मान्य केली आहे. १९७१ मध्ये पंजाबातल्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षणाची सक्ती होत नाही. २००२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमावरच्या खटल्यातही धर्मांविषयी शिकवण्याला न्यायालयाने हरकत घेतली नाही. मे २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला आणि त्यातल्या मनाचे श्लोक व गीतेच्या पाठांतरावरून वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंनी ही रेघ पुसून टाकली. रामदासांना अभ्यासक्रमात जागा द्यायला माझी काहीच हरकत नाही. तुकाराम, चोखामेळा, जनाबाई, शेख महंमद यांनाही द्यावी. शेख महंमदांसारखा मुसलमान संतकवी ज्या भाषेत होऊन गेला, त्या भाषेच्या वर्गात धर्मांची ओळख टाळणं म्हणजे मुलांना अर्धी मराठी शिकवणं आहे. पण धर्मग्रंथाचा अध्याय सर्वांनी पाठ करून एका सुरात म्हणायचा, त्यावर गुण किंवा बक्षीस, आणि अर्थाची चर्चा मात्र नाही, असं झालं की अभ्यास मागे पडतो आणि दीक्षा सुरू होते. ज्या ग्रंथाला वर्गात प्रश्न विचारता येत नाही तो ग्रंथ शाळेत शिकवता येत नाही, एवढी एक कसोटी मला पुरेशी वाटते.

हे संरक्षण अल्पसंख्याकांचे लाड करण्यासाठी घटनेत घातलं असा एक समज आहे. मुंबई इलाख्याचा इतिहास पाहिला तर त्याची गरज सर्वांत आधी कोणाला भासली ते कळतं. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाजात खळबळ उडाली, खटला झाला, आणि पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढून घेतली. चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला त्यांच्या ताब्यात दिलं. मग दुसरी लढाई सुरू झाली: मिशनऱ्यांत राहिलेला, त्यांच्या घरचं अन्न खाल्लेला मुलगा जातीत परत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू घेतली आणि त्यासाठी स्वजातीयांचा मोठा रोष पत्करला.

हे प्रकरण वाचताना मन त्या मुलापाशी अडकतं. मिशनऱ्यांना त्याचा आत्मा हवा होता, वडिलांना ताबा हवा होता, सनातन्यांना जातीची शुद्धता हवी होती. बाळशास्त्रींसारखा उदार माणूस नसता तर तो मुलगा कुठलाच राहिला नसता. तेव्हा शिक्षणाचा हक्क आणि धर्माची सक्ती एकाच दारातून आत येत होती: इंग्रजी शिकायचं तर बायबलच्या तासाला बसायचं. आपल्या आजोबा-पणजोबांना हा अन्याय अगदी स्पष्ट कळला होता. पुढे सरकारी शाळांनी धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं धोरण धरलं, आणि अनुदान घेणाऱ्या मिशन शाळांत नको असलेल्या मुलांना बायबलच्या तासातून मोकळीक असावी का, हा प्रश्न १८८२ च्या हंटर आयोगापुढेही होता. अनुच्छेद २८ च्या मुळाशी तो काळ आहे. आजही एखाद्या कॉन्व्हेंट शाळेत टिकली लावली किंवा मेंदी काढली म्हणून मुलीला वर्गाबाहेर उभं केल्याची बातमी आली की आपण चिडतो, आणि ते योग्यच आहे. हीच चीड जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गणी काढून सत्यनारायण घातला जातो तेव्हाही यायला हवी. गोव्यात तर हा धडा आणखी खोल आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं वगळता, तिथे धर्मन्यायासन, म्हणजे चर्चचं इन्क्विझिशन, होतं. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, राज्य आणि चर्च वेगळे झाले, आणि त्यानंतरच तिथल्या हिंदूंना मोकळा श्वास घेता आला, मराठी शाळांना बळ मिळालं. राज्याने धर्मापासून हात काढून घेतला की कोणाचा फायदा होतो, याचं उत्तर पेडणे-फोंड्यातल्या जुन्या घरांत मिळेल.

घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको याची कारणं दिली. करातून येणारा पैसा एखाद्या धर्मासाठी खर्च करायचा नाही असं तत्त्व आपण स्वीकारलं आहे, ही एक बाजू. दुसरी अशी की इतक्या धर्मांच्या आणि पंथांच्या देशात एकाला शिकवू द्यायचं तर सगळ्यांना द्यावं लागेल, आणि ते शक्य नाही. तिसरं कारण अधिक कठोर होतं: इथले धर्म एकमेकांशी वागताना समाजाला जोडणारे नाहीत, प्रत्येकाचा दावा मुक्तीचा मार्ग फक्त आपल्याचकडे असल्याचा आहे, आणि हे भांडण शाळेत आणलं तर शाळेची शांतता जाईल. आज हे बोलायला कोणता मंत्री धजावेल?

केरळचा खटला मी शिक्षकांना नेहमी सांगतो. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या तीन भावंडांना जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढून टाकण्यात आलं. राष्ट्रगीत सुरू असताना ती मानाने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार आपल्या देवाखेरीज कोणाचंही स्तोत्र गायचं नसतं. चौकशीत त्यांच्या हातून राष्ट्रगीताचा कसलाही अपमान झाल्याचं आढळलं नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलं की एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हा प्रश्नच नाही. ती मनापासून आणि विवेकाने धरलेली आहे का, एवढंच पाहायचं. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपली घटना ती आचरते, ती आपण पातळ होऊ देऊ नये, असा त्या निकालाचा शेवट आहे. मला स्वतःला राष्ट्रगीत म्हणताना अंगावर रोमांच येतात. तरीही त्या तीन मुलांना वर्गाबाहेर काढणं मला देशप्रेम वाटत नाही. राष्ट्रगीत म्हणणाऱ्या हजारोंमुळे देशाला बळ मिळतं हे खरं. पण शांतपणे उभ्या असलेल्या तिघांनी ते कमी कसं होईल?

या निकालाच्या उजेडात उडुपीचं प्रकरण पाहा. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तिथल्या सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाब घालणाऱ्या मुलींना वर्गात बसू दिलं नाही. बघता बघता भगवी उपरणी घातलेले जमाव दुसऱ्या महाविद्यालयांच्या फाटकांवर उभे राहिले. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती हेमंत गुप्तांनी बंदी कायम ठेवली. न्यायमूर्ती सुधांशु धुलियांनी केरळच्या त्याच निकालाचा आधार घेतला आणि विचारलं की हिजाब काढायला लावून आपण या मुलीचं आयुष्य अधिक चांगलं करतो आहोत का? प्रकरण मोठ्या पीठाकडे जायचं ठरलं. शाळा-कॉलेजातलं एक एक वर्ष न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही. ज्या मुली तेव्हा बारावीत होत्या त्यांचं बारावीचं वय केव्हाच मागे गेलं.

मुंबईतही हे घडलं. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीला बऱ्याच अंशी स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नको, असंही सांगितलं. धर्म ओळखू येऊ नये म्हणून हा नियम केल्याचं महाविद्यालयाने सांगितलं होतं. त्यावर न्यायमूर्तींनी विचारलं, नावावरून धर्म कळत नाही का? आणि टिळा, टिकलीवर बंदी घालाल का? प्रश्न साधा होता आणि नेमका होता. मला त्या स्थगितीतला समतोलही पटतो. परीक्षेला ओळख पटवायची असेल तर चेहरा दिसला पाहिजे, प्रयोगशाळेत लोंबणारा कपडा धोक्याचा आहे. अशी कारणं दाखवता येतात, तपासता येतात आणि ती सगळ्यांना सारखी लागू होतात. डोक्यावरचा रुमाल कोणाच्या शिकण्यात अडथळा आणतो, हे मात्र अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. शीख मुलाचा पटका आपण कधीच स्वीकारला. शीख धर्म पाळण्यात कृपाण बाळगणंही येतं हे तर धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे.

‘पण ती मुलगी स्वखुशीने घालते कशावरून? घरचा दबाव असेल तर?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. दबाव असतो. काही घरांत तो फार असतो, आणि तो पडद्यापुरताच नसतो; लग्नाचं वय, मोबाईल, बाहेर पडण्याची वेळ, सगळ्यावर असतो. पण मग विचार करा, दबावाखालच्या मुलीला त्यातून बाहेर पडायला काय लागेल? शिक्षण, मैत्रिणी, एखादी विश्वासाची बाई, स्वतःच्या नावाची पदवी. हे सगळं फाटकाच्या आत आहे. नियम करून तिला फाटकाबाहेर ठेवलं तर दबाव टाकणाऱ्याला काहीच भोगावं लागत नाही, मुलगी मात्र घरी बसते. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांनी पुण्यात मुलींना शाळेत आणलं तेव्हा आधी घरच्या रूढी सोडून या अशी अट घातली असती, तर ते वर्ग भरलेच नसते.

न्यायालयांची मोठी अडचण मला दुसरीकडेच दिसते. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून न्यायालयं एक प्रश्न विचारत आली आहेत: ही प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का? मग न्यायमूर्ती कुराण उघडतात, स्मृती पाहतात. १९५८ मध्ये बकरी ईदला गायीची कुर्बानी सक्तीची नाही असा निर्णय त्यांनी दिला. २००४ मध्ये आनंदमार्गींचं रस्त्यावरचं तांडवनृत्य त्यांच्या पंथाला अत्यावश्यक नाही असं ठरवलं. कर्नाटकात हिजाबचंही हेच झालं. बाबासाहेबांनी २ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत मांडलेली चिंता वेगळी होती. आपल्याकडे धर्माची कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळं व्यापते, म्हणून वारसा किंवा कुळवहिवाट यांसारख्या ऐहिक बाबी धर्मातून बाहेर काढून कायद्याच्या कक्षेत आणाव्यात, असं ते सांगत होते. कोणता विधी धर्मात किती महत्त्वाचा, हे न्यायाधीशांनी ठरवावं असा त्याचा अर्थ होत नाही. न्यायालयाने पंडित किंवा मौलवी होऊ नये. त्याने दोनच गोष्टी पाहाव्यात: श्रद्धा खरी आहे का, आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणाचं नुकसान होतं का. अनुच्छेद २५ ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीनतेने होते. मर्यादा तिथे लिहिलेली आहे. ती धर्मग्रंथांत शोधायला नको.

नुकसान ही कसोटी लावली की बऱ्याच गोष्टी सरळ होतात. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिक्षेपक लावणं हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. शाळा, रुग्णालय आणि न्यायालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत कागदावर आहे. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं कानात बोळे घालून अभ्यास करतात, कधी उत्सवाच्या डीजेमुळे, कधी मशिदीच्या भोंग्यामुळे, कधी रात्रभराच्या जागरणामुळे. यात फार वाद घालण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या कानात सक्तीने जाणारी भक्ती हा कोणाचाच हक्क नाही, आणि नियम एकाला लावून दुसऱ्याला सोडणाऱ्या पोलीस ठाण्याला धर्मस्वातंत्र्याचं रक्षण करता येणार नाही.

धर्माच्या आतल्या सत्तेचं काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा जमातीच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला: जमातीतून काढून टाकण्याचा अधिकार धर्मगुरूंच्या धर्मस्वातंत्र्यात येतो, असं म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात गेले. त्या निकालाने असगरअली इंजिनिअरांसारख्या सुधारकांना किती भोगावं लागलं हे मुंबई-पुण्याने पाहिलं आहे. बहिष्कृताला मशीद बंद होते, दफनभूमीही बंद होते आणि नातलगांची दारंही लागतात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, मुख्यतः जातपंचायतींच्या जाचामुळे, आणि देशात असा कायदा पुन्हा करणारं ते पहिलं राज्य ठरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये १९६२ चा निकाल नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे फेरविचारासाठी पाठवला गेला. माझ्या मते तो निकाल चुकीचा होता, कारण त्याने धर्मगुरूच्या स्वातंत्र्यासाठी भाविकाच्या स्वातंत्र्याचा बळी दिला. शाळेला जो नियम लावायचा तोच जमातीला: जो बलवान आहे त्याच्या हक्काला आधी मर्यादा.

पालकांच्या बाबतीत माझं मन पूर्ण स्वस्थ नाही, हेही सांगितलं पाहिजे. अनुच्छेद २८ अज्ञान मुलासाठी पालकाची संमती मानतो. सात वर्षांच्या मुलासाठी दुसरा मार्ग नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं काय? १८४३ मध्ये श्रीपतचा निर्णय वडिलांच्या हक्कावर झाला. आज मूल आणि पालक यांची मतं वेगळी असतील तर शाळेने कोणाचं ऐकायचं? जोतीराव फुल्यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या ग्रंथात असं एक कुटुंब कल्पिलं आहे जिथे बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होतो, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. एका छपराखाली चार धर्म! एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात बसून त्यांनी हे लिहिलं. त्या घरात मुलीला तिचा धर्म वडिलांनी दिलेला नाही. तिने वाचून, विचार करून घेतलेला आहे. माध्यमिक शाळेतल्या मुलाने स्वतः नको म्हटलं, तर पालकांचा होकार असला तरी शाळेने त्याच्यावर सक्ती करू नये, असं मला वाटतं. घटनेचं कलम इतकं पुढे जात नाही. शाळेने मात्र जायला हरकत नाही.

हे सगळं घडवायला नव्या कायद्याची गरज नाही. शालेय शिक्षण विभागाच्या एका परिपत्रकाने ते होऊ शकतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्म, जात, पोटजात यांचे रकाने आधीपासून आहेत. आपला कोणताही धर्म नाही असं सांगण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केला आहे, तेव्हा धर्माचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा तिथे छापावी. प्रवेश अर्जात एक ओळ वाढवावी: या शाळेत परिपाठात अमुक प्रार्थना होते, त्यात सहभागासाठी आमची संमती आहे किंवा नाही. संमती नसलेल्या मुलाला उन्हात वेगळं उभं करायचं नाही. त्याने रांगेतच शांत उभं राहावं किंवा वाचनालयात बसावं. परिपाठात सगळ्यांनी मिळून काही म्हणायचं असेल तर २०२० पासून राज्यातल्या शाळांत राज्यघटनेची उद्देशिका वाचली जाते, ती आहेच. गणवेशाच्या नियमात टिकली, गंध, रुद्राक्ष, क्रॉस, पटका आणि गणवेशाच्या रंगाचा रुमाल या सगळ्यांना एकच कलम असावं. सण साजरे करावेत, पण वर्गणी आणि हजेरी सक्तीची नको. शिक्षकाने गळ्यात माळ घालावी किंवा दाढी ठेवावी, पण वर्गात प्रसाद वाटू नये आणि कोणाच्या देवाची टिंगल करू नये. आणि गटशिक्षणाधिकारी वार्षिक तपासणीला येतात तेव्हा शौचालय, पोषण आहार, पटसंख्या यांच्याबरोबर संमतीचे अर्ज दप्तरी आहेत की नाहीत, हेही त्यांनी पाहावं.